दसाराम कंडक्टरचा पाय

दसारामकाका बसत नाहीत.

यात अतिशयोक्ती काही नाही. माणूस खरोखरच बसत नाही. कोहमाऱ्याहून गोंदियाला जाणारी सकाळची गाडी रिकामी असो, सगळ्या सीटा नुसत्या खडखडत असोत, काका आपले मधल्या दांड्याला कंबर टेकवून उभे. नवा कंडक्टर बिचारा म्हणतो, "बसा ना काकाजी, अख्खी गाडी खाली आहे." त्यानं जणू उतरायलाच सांगितलं असावं, अशा नजरेनं काका त्याच्याकडे पाहतात. "तू बस, लेका. तुमची पिढी बसनारीच आहे."

माझं कोहमाऱ्याच्या चौकात बियाणं आणि खताचं दुकान आहे. घर मागच्या गल्लीत, काकांच्या घराला लागून. त्यामुळे या माणसाचा त्रास मला दोन्हीकडे आहे. दुकानात आले की गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची ते उचलून बाजूला करतात आणि बरोबर तिच्याच जागेवर उभे राहतात. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "दारात गर्दी नाही करायची. अंदर सरका, मांगं जागा आहे." माझ्या दुकानात मागे युरियाची पोती आहेत. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं का, हे विचारायला आलेला सज्जन शेतकरी उगाच पोत्यांपर्यंत सरकून उभा राहतो.

काका जन्मभर कंडक्टर होते. गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नाहीत, स्टॉप राहतात. मी मूळचा गोरेगावचा, म्हणून मी 'गोरेगाव'. माझी बायको सुनंदा, माहेरच्या गावावरून, 'सौंदड'. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकांच्या लेखी आम्ही अजून दोन वेगळ्या स्टॉपवर चढलेले पॅसेंजर आहोत.

"काका, कधीतरी बसा हो," मी एकदा कंटाळून म्हणालो. "तुमच्याकडे पाहून माझे पाय दुखतात."

"बसलो तं झोप लागते. झोप लागली तं स्टॉप जाते."

"तुम्ही रिटायर झाला आहात. कोणता स्टॉप जाते तुमचा?"

"तुले नाही समजत," काका म्हणाले, आणि उभ्या उभ्या चहा प्यायले.

त्यांचा पाय मी पहिल्यांदा पाहिला तो खाजवण्यावरून. धानाच्या बियाण्याच्या पिशव्या ठेवायला माझ्याकडे लोखंडी घोडा आहे. काका बोलता बोलता डाव्या पायाचा घोटा त्या घोड्याच्या कडेवर घासत होते. म्हैस झाडाला अंग घासते तसे. आधी मी दुर्लक्ष केलं. मग पिशव्या हलायला लागल्या.

"का झालं पायाले?"

"काही नाही. खाजते थोडासा."

"दाखवा."

"का दाखवू? पाय आहे. तुले बी आहे."

बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी पँट वर केली. भर मे महिन्यातही हा माणूस फुलपँट का सोडत नाही, ते मला तेव्हा कळलं. गुडघ्याच्या खालून पोटरीवर निळ्या-हिरव्या नसा फुगून, एकमेकींत वळून, दोडक्याच्या वेलासारख्या पसरल्या होत्या. मध्ये मध्ये गाठी. पाय सुजलेला, मोज्याचं रबर मांसात रुतलेलं. आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तव्याच्या बुडासारखी काळी, कडक, चकाकणारी. खाजवून खाजवून तिथे एक ओली जखम झाली होती.

"हे कधीपासून आहे?"

"नोकरीचा परसाद होय. ड्रायव्हरले पाठ भेटते, कंडक्टरले पाय भेटते." मग थोडं थांबून म्हणाले, "संध्याकाळी जड होते. सिमिटाची बोरी बांधल्यावानी. रातच्याले गोळे येते. सकाळी उठलो का मस्त राहते. म्हणून मी डाक्टरकडं नाही गेलो. सकाळी डाक्टर का पाहीन अन् संध्याकाळी कोनता डाक्टर भेटते?"

इलाज मात्र चालू होता. एकानं सांगितलं म्हणून गरम वाळूचा शेक. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मोहरीच्या तेलानं रगडून मालीश. बाजारात भेटलेल्या कोणीतरी सांगितलं म्हणून गुडघ्याखाली घट्ट बांधलेली सुतळी, "रक्त खाली उतरू नये म्हणून." ती सुतळी मी तिथेच कापली. काका नाराज झाले. मग त्यांची नजर माझ्या मागच्या फळीवर गेली.

"गोरेगाव, थे झिंक आहे ना तुज्याकडं?"

"आहे. का?"

"धानावर खैरा येते तं तू झिंक देते. पानावर तांबूस डाग येते, झिंक मारलं का जाते. माज्या पायावरचे डाग बी तशेच आहे. पाहा बरं."

"काका, ते धानाचं आहे."

"मंग मी का गहू खातो?"

या माणसाशी बोलताना माझं डोकं का दुखतं, ते वाचकांच्या लक्षात आलं असेल. मी झिंक दिलं नाही. त्यांनी ते सौंदड गावच्या दुकानातून आणलं आणि पाण्यात कालवून लावलं. मग तीन दिवस ते बोंबलत होते आणि दोष मला देत होते, कारण मी दिलं असतं तर म्हणे चांगल्या कंपनीचं दिलं असतं.

त्यानंतर मी आणि सुनंदा रोज मागे लागलो की गोंदियाला चला, दाखवा. रोज नवं कारण. आज बाजार आहे. आज गाडीला गर्दी राहीन. रायपूरला दिलेल्या मुलीचा फोन यायचा आहे. काकू वारल्यापासून ते घरात एकटेच होते, कारण सांगायला समोर कोणी नव्हतं, म्हणून सगळी कारणं आमच्या वाट्याला यायची.

शेवटी पायानंच निकाल लावला.

सकाळची वेळ होती. चौकात एक गाडी रिव्हर्स घेत होती. अशी संधी काका कधी सोडत नाहीत. गाडीमागे उभे राहून हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं काटा, येऊ द्या," चालू होतं. मी दुकान झाडत होतो. पाहतो तर काका जिथे जिथे सरकत होते तिथे तिथे डांबरावर लाल पावलं उमटत होती.

"काका! रक्त!"

त्यांनी खाली पाहिलं. "कोनी पान थुकलं असन."

पँटच्या खालच्या टोकातून धार लागली होती. बूट भरला होता. खाजवून पातळ झालेली एक नस फुटली होती आणि काकांना दुखलंही नव्हतं. ते गाडीला अजून येऊ द्या म्हणत होते. लोक धावले. कोणी हळद आणा म्हणालं, कोणी वर दोरी बांधा म्हणालं. डव्वा गावच्या दवाखान्यात ड्युटीवर जाणारी एक नर्स गाडीची वाट पाहत होती. ती ओरडली, "दोरी नको! आधी आडवं करा त्यांना. पाय वर धरा."

"मी नाही लेटत," काका म्हणाले. "स्टँडवर दारुडे लेटते."

मी आणि एका ट्रकवाल्यानं मिळून त्यांना माझ्या दुकानासमोर आडवं केलं. कोहमाऱ्यानं दसाराम कंडक्टरला आडवं झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. पाय बियाण्याच्या पोत्यावर उंच ठेवला, नर्सनं स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली, आणि इतकं भळभळणारं रक्त पाहता पाहता थांबलं. काका पाठीवर पडून आभाळाकडे पाहत होते. तरी तोंड बंद नव्हतं. "ए ड्रायव्हर, काऊन थांबून राहिला? तमाशा होय का? नींग, टाइम झाला!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. 

त्याच दिवशी मी त्यांना गोंदियाला नेलं. ट्रकवाल्यानं ओळखीची जीप करून दिली म्हणून बरं, बसमध्ये ते उभेच राहिले असते. दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांसमोर मोठी रांग होती. मी चिठ्ठी काढून येईपर्यंत काकांनी पट्टी बांधलेल्या पायानं ती रांग सरळ केली होती. म्हातारे पुढे, लहान लेकरंवाल्या बाया त्यांच्या मागे, बाकीचे भिंतीला लागून. "दारात कोनी उभं नाही राहायचं. ज्याचा नंबर त्यानंच सरकायचं." कंपाउंडर अवाक् होऊन पाहत होता.

आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "काका, जरा उभे राहा. या नसा उभं राहिल्यावरच नीट दिसतात."

काकांचा चेहरा फुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "हा खरा डाक्टर होय. पहिला मानूस भेटला जो मले उभा राहा म्हनते."

पण हा आनंद टिकला नाही. डॉक्टरांनी पावलावरची नाडी तपासली, मशीन लावून नसांमधला रक्ताचा आवाज ऐकला, आणि खुर्ची पुढे ओढून समजवायला बसले. पायातलं रक्त वर जायला पाहिजे, म्हणाले. त्यासाठी नसांमध्ये झडपा असतात, कालव्याच्या गेटसारख्या, एकाच बाजूला उघडणाऱ्या. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून त्या सैल पडल्या. चालताना पोटरी पंपासारखी रक्त वर ढकलते, नुसतं उभं राहिलं की पंप बंद. रक्त खाली साचतं. म्हणून संध्याकाळी सूज, म्हणून गोळे, म्हणून खाज. कातडी काळी पडते आणि शेवटी जखम होते, ती भरत नाही.

काकांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पॅसेंजर वरतं चढून नाही राहिले," ते म्हणाले. "फुटबोर्डावरच लटकून राहिले."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच."

"मंग डबल बेल कायले देता? आधी फुटबोर्ड मोकळा करा."

"तेच करायचं आहे. आधी दाबाची पट्टी बांधून जखम भरायची. मग लेझरनं ती बिघडलेली नस बंद करायची. तोवर खाजवायचं नाही, शेकायचं नाही, रगडायचं नाही. चालायचं भरपूर. आणि बसताना, झोपताना पाय छातीच्या वर."

"अन् उभं राहनं?"

"एका जागी उभं राहणं बंद."

काकांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे असं पाहिलं, जणू त्यानंच चहाडी केली होती.

पट्टी बांधणं हे सोपं काम नाही. काकांना वाकून ते जमेना. म्हणून सिस्टरनी मला शिकवलं. बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच उघडी ठेवायची नाही, घोट्याशी घट्ट, वर जाताना जरा सैल, गुडघ्याखाली संपवायची. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सोडायची. आठवड्यातून एकदा बदलायची. दुकान रविवारी दुपारून बंद असतं, म्हणून रविवार ठरला.

तेव्हापासून माझे रविवार दसारामकाकांच्या पायाला अर्पण झाले.

जेवून मी जायचो. काका पलंगावर, मी समोर स्टुलावर, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. जुनी पट्टी सोडायची, जखम धुवायची, नवीन चढवायची. या कामाला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्या बोलण्याला लागायचा. नवेगावबांधच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा अस्वल कसं आलं. अर्जुनीच्या बाजाराच्या दिवशी एका बाईनं कोंबडीचं तिकीट काढायला कसा नकार दिला, आणि कोंबडीनं काय केलं. एका बाळंतिणीसाठी गाडी न थांबवता कशी थेट दवाखान्यात नेली. मधेच "पट्टी ढिली झाली, पुन्हा बांध," म्हणायचे. मी पुन्हा बांधायचो. घरी येईपर्यंत सुनंदाचा चहा निवलेला असायचा.

पाय वर ठेवण्याचे वेगळेच किस्से. पहिल्या आठवड्यात त्यांनी पलंगाचं पायथ्याकडचं टोक विटांवर चढवलं, पण स्वतः उलटे झोपले. त्यामुळे वर गेलं ते डोकं. दुसऱ्या आठवड्यात "चालायचं भरपूर" म्हणून स्टँडवर गेले आणि "मी उभा नाही, चालून राहिलो" असं सांगत एकाच गाडीभोवती गोल गोल फिरले. ड्रायव्हरला वाटलं हवा तपासत आहेत.

तरीही जखम भरत होती. कडा आत सरकत होत्या, तळ गुलाबी झाला होता. डॉक्टर खूश. मीही खूश, कारण मला माझा रविवार दिसायला लागला होता.

आणि एका रविवारी पट्टी सोडली तर जखम पुन्हा उघडलेली.

"खाजवलं का?"

"नाही बाप्पा."

पुढच्या वेळी थोडी भरली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा उघडी. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पट्टी नीट बांधता ना?" मला इतका राग आला. हंगाम सोडून, गिऱ्हाईक सोडून, चोरखमारा गावच्या शेतकऱ्यांचे फोन टाळून मी हा पाय सांभाळत होतो, आणि दोष मलाच. "मध्ये कोणी सोडतं का ही?" डॉक्टरांनी काकांना विचारलं. काकांनी छताकडे पाहिलं.

त्या शनिवारी सुनंदानं वाटीभर खीर देऊन मला दुपारी काकांकडे पाठवलं. दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

दसारामकाका बसले होते. पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून. बांधलेली पट्टी पूर्ण सोडून त्यांनी मांडीवर गोळा केली होती, आणि टॉवेलच्या खरखरीत टोकानं जखमेची कड हळूहळू घासत होते. खाजवत नव्हते. अगदी मन लावून, काम केल्यासारखे घासत होते.

मी वाटी खाली ठेवली. आपटली म्हणा.

"हे का चालू आहे, काका?"

ते दचकले. पट्टी पायावर ओढायला लागले. "खाजून राहिलं होतं…"

"खोटं नका बोलू! किती महिने झाले मी येतो? डॉक्टर मले चोर समजून राहिला! पाय सडला तर कापावा लागते, माहीत आहे का? तुम्हाले पाय नको आहे का?"

माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. काका पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "भरला तं मंग तू कायले येशीन?"

मला आधी कळलंच नाही.

"रैवारी तू येते," ते पट्टीकडे पाहत म्हणाले. "घंटाभर बोलतो मी. बाकी सहा दिवस स्टँडवर बोलतो, पन थे लोक गाडी आली का जाते. तुजी सौंदड भाजी देते, ताटली ठेवते अन् जाते, तिले काम राहते. पोरगी फोनवर बोलते. तुज्या काकू गेल्यावर माज्या आंगाले कोनाचा हात नाही लागला. न्हावी लावते, थो बी घाई घाई." मग त्यांनी मान वर केली. "तू पाय मांडीवर घेते ना, तं घरात कोनी आहे असं वाटते."

 राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवावा तेही कळेना. मी स्टूल ओढलं, बसलो, पाय मांडीवर घेतला आणि पट्टी बांधायला लागलो. बोटांच्या मुळापासून. त्या दिवशी अस्वल आलं नाही, कोंबडी आली नाही. पट्टी संपली तेव्हा मी म्हणालो, "उद्या जेवायला आमच्याकडे या. आता दर रविवारी. जखम राहो की न राहो."

"सौंदडले विचारलं का?"

"विचारतो."

"आधी विचार," काका म्हणाले. "मंग सांग."

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि मग माझ्यावरच खेकसली की एवढं साधं तुम्हाला इतके दिवस कळलं कसं नाही.

जखम भरली. धान कापणीला आलं तोवर कातडी पूर्ण मिळून आली होती. मग डॉक्टरांनी लेझरनं ती नस बंद केली, आणि काका त्याच संध्याकाळी वॉर्डातून चालत फिरले, बाकीच्या पेशंटांना सरका सरका म्हणत. सूज उतरली. काळेपणा मात्र राहिला. तो फार जाणार नाही, डॉक्टर म्हणाले. आणि दाबाचे मोजे रोज घालायचे, सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी.

ते मोजे म्हणजे नवीच कटकट. इतके घट्ट की हातमोजे घालून, आतून उलटे करून, टाच नेमकी बसवून, इंचाइंचानं वर ओढावे लागतात. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "ए गोरेगाव! मोजा नाही चढून राहिला!" तेव्हापासून रोज सकाळी तीच हाक. मी तोंडात ब्रश धरून जातो. दुकानासमोर शेतकरी खोळंबतात, सुनंदाचा डबा राहतो, आणि मी दसाराम कंडक्टरला मोजे घालत असतो.

मागे मी बियाण्याच्या मीटिंगला नागपूरला गेलो होतो. दोन दिवस राहिलो. परत आल्यावर सुनंदाला विचारलं, काकांच्या मोज्यांचं काय केलं? ती म्हणाली, "काही नाही. हाक बी नाही मारली त्यांनी. सकाळी मोजे घालून स्टँडवर गेले होते. एक सुरकुती नव्हती."

मी त्यांना याबद्दल काही विचारलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. मी चरफडत उठलो, चपला घातल्या आणि गेलो. त्यांनी कडी आधीच काढून ठेवली होती.